जाऊन-येऊन

अंतर मोजण्याचे आमच्या घरांतले माप किलोमीटरचे नव्हते आणि कोसाचेही नव्हते. एखादे गाव ‘जाऊन-येऊन’ आहे की ‘मुक्कामाचे’ आहे, एवढेच विचारले जाई. सकाळचे पाणी भरून, देवपूजा उरकून निघावे आणि दिवेलागणीनंतर का होईना, आपल्याच घरी ताटावर बसावे, असे जे गाव ते जाऊन-येऊन. बाकी सारी मुक्कामाची. मुक्काम म्हटला की यजमानांची अडचण आली, मागे गोठ्याकडे कोण पाहणार हा प्रश्न आला, आणि बाईमाणसाला तर चार ठिकाणी परवानगी मागणे आले. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही गावांतल्या जुन्या मराठी घरांत सोयरीक ठरवताना पत्रिका काढण्याच्या आधी हा प्रश्न निघे. मुलगी द्यायची ते गाव जाऊन-येऊन आहे ना? आणि त्याचे उत्तर बहुधा आगगाडीच्या वेळापत्रकात सापडत असे.

पांढुर्ण्यापुरते बोलायचे तर हे उत्तर सुखाचे होते. नागपूर-इटारसी लोहमार्ग १९२०च्या दशकात झाला आणि दिल्ली-मद्रास या थोर मार्गाचा तो एक दुवा ठरला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेससारख्या दूरच्या गाड्या आमच्या शिवारातून धडधडत जात. पण आमचे प्रेम होते ते पॅसेंजरवर. नरखेड, काटोल, कोहळी, कळमेश्वर अशी एकेक ओळखीची नावे घेत ती नागपूरला पोचे. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपासचे. एक्सप्रेसने दीड तास, पॅसेंजरने अडीच; आणि क्रॉसिंगला बाजूच्या रुळावर घातली तर मग ती आणि तिचे नशीब. डब्यात जागा मिळाली की आधी शेजाऱ्याचे गाव विचारायचे आणि मग आडनाव. तिसऱ्या प्रश्नाला नाते निघालेच म्हणून समजावे.

नागपूर आमचे जाऊन-येऊन होते, या एका गोष्टीने आमच्या घरांचे किती काही ठरवले, हे आम्हाला फार उशिरा उमगले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर ही तोवर आमचीच राजधानी होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा आणि बैतूल मध्य प्रदेशात राहिले, आणि आमची राजधानी भोपाळ झाली. भोपाळ मुक्कामाचे. शाळेची भाषा हिंदी, कचेरीची हिंदी, सातबाऱ्याऐवजी खसरा-खतौनी. तरीही राजधानी हलली म्हणून आगगाडी काही हलली नाही. चष्म्याचा नंबर काढायचा, डॉक्टरांचे दुसरे मत घ्यायचे, लग्नाचा बस्ता बांधायचा, तर सकाळची गाडी नागपूरचीच. सीताबर्डीवरून दिवाळी अंक याच गाडीने येत. एका घरात एक अंक, आणि मग तो अंक वर्षभर आठ घरे फिरे. परत येई तेव्हा त्याला मुखपृष्ठ नसे. विदर्भ साहित्य संघ १९२३ साली स्थापन झालेला, त्याचे रंगमंदिर बर्डीवर. तिथले दुपारचे व्याख्यान आम्हाला मिळे. रात्रीचे नाटक मात्र पहिल्या अंकानंतर सोडून स्थानकाकडे पळावे लागे. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी कितीतरी मराठी नाटकांचे शेवट आजतागायत पाहिलेले नाहीत.

आम्ही मराठी बोललो, वाचले, टिकवले, असे आपल्या समारंभांतून पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. ते खोटे नाही. पण त्या अभिमानातला निम्मा वाटा मध्य रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाच्या तिकिटाला द्यावा, असे आमचे मत आहे.

पास काढून रोज जाणाऱ्यांना आमच्याकडे ‘अपडाऊनवाले’ म्हणतात. बँकेतले, शाळेतले, तारघरातले लोक. आमच्या सासुरवाडीच्या नात्यातले एक गृहस्थ नोकरीची सारी वर्षे अपडाऊन करीत होते. निवृत्तीनंतर पहिला महिनाभर ते पहाटे स्थानकावर जाऊन बसत, गाडी निघाली की घरी येत आणि मग चहा घेत. अपडाऊनवाल्यांच्या पिशवीतून गावाची निम्मी टपाल-सेवा चाले. औषधाची चिठ्ठी, शिवायला टाकलेली पोलकी, पंचांग, आणि नियतकालिकांचे अंक. पोस्टाने यायचा अंक हरवला तरी अपडाऊनवाल्याच्या हाती दिलेला अंक हरवत नसे. फक्त वाटेत वाचला जाऊन, भाजीचा डाग घेऊन येई.

उत्तरेकडची दिवसाची सहल म्हणजे मुलताई. पांढुर्णा सोडले की तीगाव, चिचोंडा अशी स्थानके मागे टाकीत गाडी चढणीला लागते आणि हवा बदलते. मुलताई म्हणजे मूलतापी. गावाच्या मधोमध कुंड, काठाला देवळे, आणि तिथून निघालेले पाणी सातशेवर किलोमीटर पश्चिमेकडे चालत सुरतेजवळ समुद्राला मिळते. याच मुलताईच्या डोंगराळ भागात वर्धा नदी उगम पावते आणि ती मात्र दक्षिणेची वाट धरते. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव असतो. त्या दिवशीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसे, पण परतीला संध्याकाळची गाडी असल्याने आजीसुद्धा निघे. डबा घरचा. झुणका, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि एखाद्या बरणीत दही. कुंडात हातपाय धुवायचे, देवळाच्या पायरीवर डबा सोडायचा आणि चारच्या सुमारास स्थानकाचा रस्ता धरायचा. मुलताईच्या पुढे आमला, बैतूल आणि मग मरामझिरी-धाराखोहचा सुंदर घाट. पण तो आमच्या परतीच्या गाडीच्या हिशेबात कधी नीट बसला नाही. घाटापुढचे सारे जग आमच्या लेखी मुक्कामाचेच राहिले.

आता सौंसर. पांढुर्ण्याहून सडकेने चाळीस-एक किलोमीटर. ब्रिटिश अमदानीत पांढुर्णा हे सौंसर तहसिलीतलेच गाव होते. आमची जाम नदी, जिच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची माणसे पळसाच्या झाडासाठी एकमेकांवर दगड उचलतात आणि जिच्यामुळे बाहेरच्या जगाला आमचे गाव केवळ गोटमारीचे म्हणून ठाऊक आहे, ती जाम पुढे पूर्वेकडे वळून सौंसरच्या मुलखातूनच वाहते आणि कन्हानला मिळते. पाणी एक, संत्री एक, कुणबी-तेल्यांची आडनावे एक, बोली एक. जामसावळीच्या निद्रिस्त हनुमंताला दोन्हींकडचे नवस. एक नव्हता तो फक्त रूळ.

सौंसरचा रूळ वेगळा, आणि तो अरुंद. बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्यात अडीच फुटी लोहमार्गांचे जे जाळे विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत विणले, त्याची एक दोरी नागपूरच्या इतवारीहून निघून पाटणसावंगी, सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना असे करीत घाट चढून छिंदवाड्याला जाई. रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर. आमच्या पांढुर्ण्याच्या रुळांत १६७६. सौंसरची मंडळी तिला ‘छोटी गाडी’ म्हणत. डब्यात समोरासमोर बसले की गुडघ्याला गुडघा लागे, त्यामुळे अबोला धरून प्रवास करणे अशक्य होते. इतवारीपर्यंत तीन-साडेतीन तास. उन्हाळ्यात खिडकीतून निखाऱ्यासारखा वारा. पण ही गाडी धावती असताना उतरून, बोरे तोडून, पुन्हा चढल्याच्या कथा सौंसरच्या प्रत्येक घरात आहेत. प्रत्येक घरात असल्यामुळेच त्यांवर आमचा फारसा विश्वास नाही.

या दोन रुळांचे कधी जमलेच नाही. पांढुर्णा मध्य रेल्वेत. सौंसर आधी दक्षिण-पूर्व रेल्वेत आणि २००३ पासून दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत. गंमत अशी की दोन्ही रेल्वेंच्या विभागांचे नाव नागपूरच. एकाच नावाचे दोन विभाग, एकाच शहरात दोन कचेऱ्या, आणि आमची दोन गावे एकेकाच्या पदरात. पांढुर्ण्याहून सौंसरला रेल्वेनेच जायचे म्हटले तर आधी दक्षिणेस नागपूर गाठायचे, तिथून रिक्षाने इतवारी, आणि मग पुन्हा उत्तरेकडे सौंसर. म्हणजे शेजारच्या आळीत जाण्यासाठी वेशीला वळसा. शहाणा माणूस बस पकडी.

पण बस सर्वांना मानवत नसे. आमच्या आईला बस लागे. सडकेचे पहिले वळण आले की तिचा चेहरा उतरे, आणि सोबत लिंबू, आवळासुपारी, ओला रुमाल अशी सारी सिद्धता असूनही व्हायचे ते होईच. मावशीचे तसेच. हा त्या दोघींचा माहेरचा वारसा असावा. दोघींचे माहेर नागपूरच्या महालातले. एकीला मोठ्या रुळावर पांढुर्ण्याला दिली, दुसरीला छोट्या रुळावर सौंसरला. आजोबांनी हिशेब अचूक केला होता, दोन्ही लेकी माहेरापासून जाऊन-येऊन. त्या एकमेकींपासून किती दूर पडतील, हा हिशेब त्यात नव्हता.

तो त्या दोघींनीच पुढे सोडवला. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा चैत्रात, पोस्टकार्डाने दिवस ठरे. आई पांढुर्ण्याहून पहाटेची गाडी धरी, मावशी सौंसरहून आपली छोटी गाडी. आई नागपूरच्या मोठ्या स्थानकावर उतरे, सावनेरच्या दगडात बांधलेल्या आणि १९२५ साली उद्घाटन झालेल्या त्या देखण्या इमारतीतून बाहेर पडे आणि रिक्षाने महालात मामांकडे जाई. मावशी इतवारीहून पायीच येई. अकरा ते चार. पाच तासांत दोघींना सहा महिन्यांचे बोलायचे असे. मामी म्हणत, या दोघी आल्या की घरात पंगत बसल्यासारखा आवाज येतो आणि ताटे मात्र दोनच असतात.

सोबत कधी आमच्यापैकी एखादे भावंड असे. दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री उतरलेली असत. आई पिशवीभर पांढुर्ण्याची संत्री घेऊन जाई आणि मावशी पिशवीभर सौंसरची. नागपूरच्या घरात संत्र्यांचे दोन ढीग लागत. मग दोघी एकमेकींची संत्री सोलून चाखत. आई दर वेळी म्हणे, ‘तुमची आंबटच गं.’ मावशी म्हणे, ‘तुमची नुसती गोड, संत्र्याला थोडी धार पाहिजे.’ संध्याकाळी ढीग बदलून पिशव्या परत जात. याखेरीज सरगुंडे, कुरड्या, कुणाच्या बाळंतविड्याचे सामान, आणि वाचून झालेली पुस्तके. मावशी सौंसरच्या घरी रात्री कंदील जवळ ओढून वाचणारी बाई होती. तिच्या मुलांची शाळा हिंदी, सुनांचे माहेर छिंदवाड्याकडचे, आणि घरात मराठी पुस्तक उघडणारी ती एकटी. आईने नेलेले पुस्तक तिला सहा महिने पुरवावे लागे. म्हणून ती ते दोनदा वाची, असे ती सांगे.

आमचा भाचा काही वर्षे नोकरीनिमित्त जपानात ओसाकाला होता. तिथे सुटीचे दिवस कसे घालवतोस, असे आईने त्याला एकदा फोनवर विचारले. तो म्हणाला, आजी, इथे घर बदलावे लागत नाही. ओसाकाला राहायचे आणि रोज एक गाव पाहून रात्री परत यायचे. क्योतो अर्ध्या तासावर, नाराची हरणे तासाच्या आत, हिमेजीचा पांढरा किल्ला तासाभरावर. परदेशी पाहुणेसुद्धा असेच करतात, एकाच शहरात मुक्काम ठोकतात आणि आगगाडीने दिवसाची सहल काढतात. आईला त्यात काही नवल वाटले नाही. ‘म्हणजे जाऊन-येऊन,’ ती म्हणाली. तिने एवढेच विचारले, ‘शेवटची गाडी कितीला?’ भाचा म्हणाला, मध्यरात्रीच्या आसपासपर्यंत गाड्या असतात, आणि एक चुकली तर थोड्या वेळात दुसरी. यावर ती काही वेळ गप्प राहिली. ‘मग तिथे नाटक पुरते पाहता येत असेल,’ एवढेच म्हणाली.

याच भाच्याने कुरोबे दरीतल्या गाडीचा फोटो पाठवला होता. धरण आणि वीजकेंद्राच्या कामासाठी डोंगरात घातलेला तो लोहमार्ग पुढे प्रवाशांना खुला झाला. त्याच्या रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे तंतोतंत आमच्या सौंसरच्या गाडीची. तो फोटो मावशीला दाखवला तेव्हा तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिला आणि म्हणाली, ही तर आपलीच, फक्त रंगवलेली.

२०१५च्या अखेरीस छोटी गाडी बंद झाली. रुंदीकरणासाठी. यात कोणाला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. अडीच फुटांच्या रुळावर या शतकाचा भार वाहणे शक्य नव्हते. सौंसर-बोरगावकडे कारखाने उभे राहिले होते, संत्र्याच्या पेट्या ट्रकवर गेल्या होत्या, आणि छिंदवाड्याला जायला लागणारा वेळ ऐकून तरुण माणसे हसत. रुंदीकरणाची मागणी आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षे केली होती, सभा आपल्याच लोकांनी भरवल्या होत्या. नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली अरुंद लोहमार्गाचे संग्रहालय झाले आहे. ज्यांना त्या गाडीचे प्रेम आवरत नाही त्यांनी तिथे जाऊन इंजिनाला हात लावून यावे. आमचे म्हणणे एवढेच की जुना रूळ काढणे आणि नवा रूळ घालणे यांच्या मधली वर्षे कोणाच्या तरी आयुष्यातली असतात.

काम टप्प्याटप्प्याने झाले. सपाटीचे तुकडे आधी आले. भिमालगोंदी-भंडारकुंडचा घाट, त्यातले पूल आणि बोगद्याचे काम सर्वांत शेवटी पुरे झाले आणि त्याला २०२१ उजाडले. मध्यंतरी २०२० साली महामारीने देशभरच्याच गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरचे नाव आणि भाडे एक्सप्रेसचे झाले होते. साधे भाडे परत यायला २०२४ उजाडले. एवढ्याशा फरकाने काय होते, असे म्हणणाऱ्याने नरखेडला भाजीची पाटी घेऊन चढणाऱ्या बाईला विचारावे.

आई २०१८च्या पावसाळ्यात गेली. त्याआधीची अडीच वर्षे दोघी बहिणी भेटल्या नाहीत. मावशीला गाडी नव्हती. आईला होती, पण महालात जाऊन एकटीने काय करायचे? एकदा आम्ही मोटार करून आईला सौंसरला न्यायचे ठरवले. निम्म्या वाटेवर तिची अवस्था पाहून परत फिरलो. फोन होता, रोज होता. पण फोनवर त्या दोघी एखाद्या परक्या बाईशी बोलावे तशा बोलत, ‘बरं आहे ना? जेवण झालं? ठेवू?’ असे. गुडघ्याला गुडघा लागल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. तेराव्याला मावशीचा मुलगा बसने आला. मावशीने त्याच्याबरोबर आईने दिलेली सगळी पुस्तके परत पाठवली होती, एका जुन्या लुगड्यात बांधून.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून काढून एका जिल्ह्यात घातल्या. फटाके वाजले. आम्हालाही आनंद झाला. छिंदवाड्याच्या कचेरीत खेटे घालण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना तो का होऊ नये? पांढुर्ण्याहून छिंदवाड्याला रेल्वेने जायचे तर आमल्याला गाडी बदलून परासियावरून जावे लागे, म्हणजे स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणी पोचण्यासाठी बैतूल जिल्ह्यातून फिरून. ते आता संपले. मात्र नवा जिल्हा नकाशावर पाहिला की त्याला दोन पाठीचे कणे दिसतात, एक पश्चिमेस मोठ्या रुळाचा आणि एक पूर्वेस, आता तोही मोठ्या रुळाचा. रुंदी एक झाली, पण गाठ अजूनही नागपूरलाच.

त्या डिसेंबरात आम्ही एक वेडेपणा केला. सडक उत्तम असता, बस दारातून जात असता, आम्ही पांढुर्ण्याहून सौंसरला आगगाडीने गेलो. सकाळी नागपूर, रिक्षाने इतवारी, आणि तिथून छिंदवाड्याची गाडी. डबे उंच, रुंद आणि चकचकीत. सावनेरच्या पुढे संत्र्याच्या बागा दोन्ही बाजूंना होत्या, पण गाडी इतकी वेगात की बोरे तोडण्याची कथा आता कोणी रचूही शकणार नाही. समोरच्या बाकावरचा मुलगा कानात तारा घालून बसला होता. लोधीखेड्याला एक म्हातारबा चढले. त्यांनी मात्र आधी गाव विचारले आणि मग आडनाव. चाळीस किलोमीटरवरचे सौंसर गाठेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर एका जिल्ह्याच्या एका तहसिलीतून दुसरीत जाताना आम्ही महाराष्ट्रात शिरून बाहेर पडलो होतो. रेल्वेच्या हिशेबात सौंसर आम्हाला अजून मुक्कामाचे आहे.

मावशी ऐंशीच्या पुढची. नवी गाडी घराजवळून जाते, तिची शिट्टी ऐकू येते, पण ती अजून तीत बसली नव्हती. कशाला बसायचे, ती म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला घेऊन निघालो, सोबत तिचा नातू. फलाट उंच झाल्यामुळे चढायला सोपे गेले; जुन्या गाडीला चढताना धोतर-लुगडे सावरायची तारांबळ उडे, असे तिने नातवाला सांगितले. नातवाशी ती हिंदीत बोलत होती आणि आमच्याशी मराठीत. मधूनच भाषा चुकून नातवाला मराठीत काही विचारी, आणि तो बरोबर उत्तर देई, हिंदीत. बोलत नाही एवढेच, समजते सगळे. केळवद मागे पडल्यावर तिने त्याला आपल्या पिशवीतून आमच्या आईचे एक जुने पोस्टकार्ड काढून दिले आणि वाचायला सांगितले. नागरी लिपी, त्यामुळे त्याने ते अडखळत का होईना, पुरते वाचले. ‘तारीख एकोणीस, गुरुवार. सकाळच्या गाडीने येते. तू नक्की ये. चारला परत.’ एवढाच मजकूर. ‘ये किसकी शादी थी?’ त्याने विचारले. कोणाचे लग्न नव्हते, असे मावशीने सांगितले.

इतवारीला उतरल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती परतीच्या गाडीची वेळ. आम्ही सांगितली. बोटांच्या पेरांवर तिने हिशेब केला. चार तास होतात, पुष्कळ झाले, म्हणाली, आणि पायी निघाली. आम्ही रिक्षा बोलावली तर रागावली. महालातले घर आता मामेभावाने बांधून काढले आहे. झोपाळा तेवढा ठेवला आहे. त्यावर ती बसली, मामेभावजयीने चहा केला, आणि तिने पिशवीतली संत्री काढून जमिनीवर मांडली. एकच ढीग.

परतताना वाटा फुटल्या. ती नातवाबरोबर इतवारीकडे, आम्ही मोठ्या स्थानकाकडे. ढिगातली अर्धी संत्री तिने आमच्या पिशवीत घातली आणि वर पोलक्याच्या कापडाची गाठ मारली. काटोलपर्यंत डब्यात उभेच होतो. नरखेडला जागा मिळाली तेव्हा गाठ सोडून एकेक सोलले. आंबट होती.